लॅपटॉपमधील दुसऱ्या प्रोग्रामबाबत

पुरवणी जबाब. वय ६६ वर्षे. कामधंदा: सध्या काही नाही, पूर्वी पाणीपुरवठा विभागात मीटर वाचक. माझे नाव व पत्ता माझ्या मुलाच्या तक्रारीत साक्षीदार म्हणून आधीच लिहिलेला आहे, तो बरोबर आहे.

मी आज कोणी न सांगता, स्वतःहून ठाण्यात थांबून सांगतो की, माझी मुलगी, वय ३४, ही ९ जुलै रोजी आजाराने घरी वारली. ती घरी बसून औषधांच्या माहितीपत्रकांचे भाषांतर करीत असे. तिची आई सहा वर्षांपूर्वी गेली. घरात आम्ही दोघेच होतो.

तिच्या पश्चात माझ्या मुलाने तिचा लॅपटॉप उघडला. त्यात, टाइप केलेले सर्व काही दुसरीकडे पाठवणारा एक प्रोग्राम त्याला दिसला. त्यावरून त्याने मागच्या सोमवारी तक्रार दिली. तक्रारीत असे आहे की, आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरील कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने फेब्रुवारीत लॅपटॉपमध्ये व्हायरस सोडला, तिचे खासगी लिखाण वाचले, व त्याच्या त्रासाने तिने उपचार सोडले. त्याखाली माझी सही आहे. दुरुस्तीवाला चार दिवसांपासून अटकेत आहे आणि त्याच्या दुकानाला सील आहे. तक्रारीतील हा मजकूर खरा नाही.

लॅपटॉपमध्ये दोन वेगळ्या गोष्टी दोन वेगळ्या वेळी आल्या. हवालदारांनी मला विचारले, "काका, व्हायरस काय नि दुसरं काय, आम्हाला काय फरक पडतो?" फरक पडतो, म्हणून लिहून घ्यावे.

पहिला व्हायरस होता. तो १७ फेब्रुवारीला एका ग्राहकाने पाठवलेल्या फाइलीतून आला. लॅपटॉप अतिशय संथ झाला, फाइली उघडेनात, आणि मुलीच्या नावाने तिच्या ओळखीच्या सगळ्यांना आपोआप मेल गेले. मलाही एक आला. त्या ग्राहकालाही आपल्या मशीनमध्ये तो आहे हे ठाऊक नव्हते. दुरुस्तीवाल्याने तो दोन दिवसांत काढला. २० तारखेला लॅपटॉप आणायला मी गेलो होतो. मुलगी तपासण्यांसाठी दोन दिवस दवाखान्यात दाखल होती.

दुकानात मी त्याला विचारले की, एखाद्याने काय टाइप केले हे दुसऱ्याला घरबसल्या कळू शकते का. तो म्हणाला, "कळतं. त्याला स्पायवेअर म्हणतात. काका, व्हायरस म्हणजे आगंतुक पाहुणा. येतो, पसारा करतो, तुमच्या ओळखीवर शेजाऱ्यांकडेही जाऊन राहतो. घर कोणाचं, त्याला पत्ता नसतो. स्पायवेअर पसारा करत नाही. कोपऱ्यात बसून ऐकत राहतं. उलट घर नीट चाललेलं त्याला हवं असतं, नाहीतर ऐकणार काय? ते फाइलीतून, लिंकमधूनही येतं म्हणा. पण असल्या घरगुती प्रकरणात बहुतेक वेळा कोणीतरी आतून दार उघडलेलं असतं." मी म्हटले, तू बसवून देशील का. तो म्हणाला, "नाही. आणि तुम्हीही नका करू. ताईंना विचारा ना सरळ."

२१ फेब्रुवारीला दुपारी २.१० ते ३.२० या वेळात मी तो प्रोग्राम, म्हणजे स्पायवेअर, इंटरनेटवरून घेऊन स्वतः लॅपटॉपमध्ये घातला. पासवर्ड मुलीने दुकानासाठी चिठ्ठीवर लिहून दिला होता. अँटिव्हायरसने दोनदा इशारा दिला. मी दोन्ही वेळा 'परवानगी द्या' दाबले. यासाठी मी नवीन इमेल पत्ता काढला. तिने टाइप केलेल्या सर्व मजकुराचा अहवाल दर शुक्रवारी सायंकाळी सहाला तेथे येत असे. त्या इमेलचा पासवर्ड आज लिहून दिला आहे.

मुलगी मला तपासण्यांचे निकाल सांगत नसे. विचारले की "सगळं ठीक आहे, बाबा" म्हणे. नंतर मी विचारणे सोडले. प्रोग्राम घालण्याचे कारण हेच होते, दुसरे नव्हते.

२८ एप्रिलच्या आठवड्यात तिने डॉक्टरांना उपचार थांबवत असल्याचे कळवले होते. हे मला त्या आठवड्याच्या अहवालातून समजले. मी तिला काही बोललो नाही. त्यानंतरही ती दर मंगळवारी दवाखान्याची पिशवी घेऊन निघे व तीन तासांनी परत येई. कुठे बसे ते मला माहीत नाही. मी दार उघडून "झालं का?" असे विचारी. ती "झालं" म्हणे. मग मी चहा ठेवी. जूनच्या मध्यापासून तिला बाहेर पडणे झेपेना.

मेच्या मध्यानंतर अहवालात कामाच्या मजकुराबरोबर सुटी वाक्ये येऊ लागली. ती कोणाला पाठवलेली नव्हती, कुठे जतनही केलेली नव्हती. उदाहरणार्थ, 'पंखा तीनवर फार होतो.' 'दुपारी पडदा ओढलेला बरा वाटतो.' 'बाबा वरणात मीठ विसरतात.' मी पंखा दोनवर केला, पडदा ओढू लागलो, मिठाकडे लक्ष दिले. एकदा ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला न सांगता कसं कळतं हो सगळं?" मी म्हटले, "बापाला कळतं." तिने पंख्याकडे पाहिले आणि लॅपटॉप पुढ्यात ओढला.

त्या आठ आठवड्यांपैकी सहा आठवड्यांत एक वाक्य पुन्हा पुन्हा होते: 'विचारलं तर सांगेन.' ती हे मैत्रिणीसाठी लिहून ठेवते असे मला वाटले.

मागच्या सोमवारी तक्रार लिहिताना मुलगा मला म्हणाला होता, "बाबा, तुम्ही कुलूप लावून चार वेळा ओढून बघणारे, आणि घरात हे चाललेलं तुम्हाला दिसलं नाही?" मी सही केली.

आज सकाळी १०.४० वाजता लॅपटॉप ओळखण्यासाठी मला बोलावले होते. दुरुस्तीवाला बाहेरच्या बाकावर हवालदारांजवळ बसला होता. मी त्याला विचारले, "माझं नाव का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "ताईंना शब्द दिला होता." त्याने सांगितले की, १४ मे रोजी मुलीने आतल्या पंख्याचा आवाज येतो म्हणून लॅपटॉप दुकानात नेला, तेव्हाच त्याला प्रोग्राम दिसला. तो तिला म्हणाला, "ताई, हा बाहेरचा नाही, घरातला आहे. दहा मिनिटांत काढतो." त्यावर ती हसली आणि म्हणाली, "असू दे. आमच्या बाबांनी जन्मभर लोकांचे मीटर फाटकाबाहेरून वाचलेत. आत येऊन विचारायची सवय नाही त्यांना. वाचू देत. आणि त्यांना सांगू नका हं, लाजतील."

हे ऐकल्यावर मी ओळख पटवण्याच्या कागदावर सही केली आणि हा जबाब लिहून घ्यावा अशी विनंती केली. दुरुस्तीवाल्याचा यात कोणताही दोष नाही. त्याला सोडावे व त्याचे दुकान उघडून द्यावे. मुलाला मी अजून सांगितलेले नाही. आज घरी गेल्यावर सांगणार आहे.

एवढे माहीत असताना मुलीला विचारले का नाही, असे हवालदारांनी विचारले. विचारले असते तर मला कसे कळले हे सांगावे लागले असते. एवढेच कारण होते.

वरील मजकूर हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. एके ठिकाणी त्यांनी सवयीने 'व्हायरस' लिहिले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'स्पायवेअर' केले आहे व शेजारी मी सही केली आहे. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे आहे आणि खरे आहे.