काकूंच्या माळ्यावर कोण चालतं

इंदुमती परब, वय अडुसष्ट, गिरगाव. मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिपाई. त्यांच्या मागच्या अंगणात बसून ऐकलेलं.

माझं माहेर कणकवलीच्या पुढे, आत, एसटीतून उतरलं की तास-दीड तास चालायचं, असलं गाव. घरात आम्ही पाच बहिणी, शाळा कुठली, ढोरं राखायची नि काजू गोळा करायचे. लग्न होऊन मुंबईत आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. मालक छापखान्यात कामाला, अक्षरं जुळवायचे, आणि बघा, अक्षरं जुळवणाऱ्याची मी बायको, मला माझं नाव लिहायला येत नव्हतं. वाडीत ही तळमजल्याची मागची खोली मिळाली. पुढच्या लोकांना रस्ता दिसतो, आमच्या वाट्याला मोरी नि हा एवढा मातीचा तुकडा. शेजारीण म्हणाली अगो मागची कशाला घेतलीस, डास होतील. पण मला माती बघून बरं वाटलं, म्हटलं असू देत डास.

वरती सबनीसकाकू. आमच्या डोक्यावरच त्यांची खोली, आणि त्यांच्या डोक्यावर माळा नि कौलं, एवढीच आमची इमारत, एक मजल्याची. काकू टेलिफोनच्या ऑफिसात होत्या. मालक अचानक गेले तेव्हा माझी मुलगी चौथीत, मी चार घरची धुणीभांडी धरली, तर काकू एक दिवस खाली आल्या नि म्हणाल्या इंदू, उद्यापासून संध्याकाळी पाटी घेऊन वर यायचं. मी म्हटलं काकू, आता या वयात? त्या म्हणाल्या मग कुठल्या वयात? रोज ऑफिसातून येऊन, स्वतःचा स्वयंपाक मागे ठेवून, मला शिकवायच्या. सातवीची परीक्षा बाहेरून दिली मी, माझ्या मुलीच्या बरोबरीनं अभ्यास केला, आणि त्या कागदावर मला शाळेत नोकरी लागली. चोवीस वर्षं घंटा वाजवली. पेन्शन खाते आज. ते सगळं त्या बाईमुळे, काय सांगू तुम्हाला, आईनं जन्म दिला पण पायावर उभं केलं ते काकूंनी.

आता हा चिकू. शाळेत झाडं लावायचा कार्यक्रम होता, पाहुणे आले, फोटो झाले, एक रोप उरलं, मोरीजवळ सुकत पडलं होतं. मी बाईंना विचारून घरी आणलं. पाच वर्षं नुसती पानं, मग धरला. मग एवढा वाढला, फांदी कौलांना टेकत होती, आणि चिकू असा गोड, साखर घालायची गरज नाय.

तीन वर्षांपूर्वी काकूंच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू गेली, बोलणं जड झालं, पण डोकं शाबूत, हे मी पहिल्यापासून सांगते. अंथरुणावरच सगळं. गिळायला त्रास, मऊ तेवढंच जायचं, आणि त्यातही नको नको म्हणायच्या, पण पिकलेला चिकू कुस्करून दिला की तोंड उघडायच्या. मग मी रोज सकाळी एक चिकू घेऊन वर जाणार, चमच्यानं भरवणार, तेवढंच माझ्या हातून व्हायचं. म्हणजे तो चिकू माझ्यासाठी नुसतं फळ नव्हतं, कळतंय ना तुम्हाला.

तर गेल्या वर्षी, संक्रांतीच्या आधी, सकाळी दार उघडलं की झाडाखाली खाऊन टाकलेले चिकू. अर्धे खाल्लेले, चोखलेले, साली पडलेल्या. आज चार, उद्या सहा. नेमका पिकायला आलेला तेवढाच जायचा, कच्च्याला हात नाय. पपईचं एक झाड आहे कोपऱ्यात, त्याला पण भोक पाडलं. मला वाटलं घुशी, मोरीला घुशी आहेतच आमच्या. आणि एक गंमत, सकाळी अंगणात भाताचा वास यायचा, आंबेमोहोर शिजतोय असा. मी म्हणायची एवढ्या सकाळी भात कोण लावतं बाबा.

त्याच दिवसांत काकू बोलायला लागल्या की माळ्यावर कोणतरी चालतं. तुटक तुटक बोलायच्या, वर बोट दाखवायच्या, म्हणायच्या पोरं रडतात. सबनीसकाकांनी शिडी लावून माळ्यावर डोकं घालून बघितलं, जुन्या गाद्या, ट्रंका, दुसरं काही नाय. काका सत्याहत्तर वर्षांचे, त्यांना तरी किती दिसणार. त्यांचा मुलगा आला ठाण्याहून, त्यानं डॉक्टरांना सांगितलं, डॉक्टर म्हणाले या आजारात असे भास होतात, गोळी सुरू करू. गोळीनं काकू दिवसभर झोपायला लागल्या. चमचा तोंडाशी नेला तरी डोळे उघडेनात. आणि मी काय केलं? मीपण त्यांच्या हातावर थोपटून होय काकू, होय काकू म्हणायची, लहान पोराला म्हणतात तसं. ज्यांनी मला अक्षर शिकवलं त्यांचा शब्द मी खरा धरला नाय. ते मला अजून लागतं.

इकडे काका वैतागले. जिन्यावर, गॅलरीत घाण पडायला लागली, त्यात बिया. ते म्हणाले इंदू, घुशींनी रोगराई होईल, ही अंथरुणावर, हिला काही झालं तर? आणि उंदराचं औषध घेऊन आले, केळ्यात घालून झाडाच्या बुंध्याशी ठेवायचं म्हणाले, नायतर झाड तोडू. माणूस वाईट नाय हो, दोन वर्षं बायकोचं सगळं एकटा करत होता, थकला होता. पण खाली मांजरं फिरतात, पोरं खेळतात, आणि विष घालून मारायचं हे माझ्या मनाला पटेना. मी म्हटलं काका, मला दोन दिवस द्या. आमच्या वाडीच्या तोंडाशी पत्र्याचं काम करणारा आहे, त्याच्याकडे मोठा पिंजरा होता, झडप पडते नि जनावर आत राहतं, त्याला इजा नाय होत. तो मागून आणला. आत पिकलं केळं ठेवलं, खाली गोणपाट अंथरलं, म्हटलं घूस धरू नि लांब नेऊन सोडू.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंजऱ्यात घूस नाय. काळपट, लांब शेपटीचं, तोंडावर पट्टे, मांजराहून लांबोडकं, कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं, आणि त्याच्या अंगाला तोच भाताचा वास. मी बघताक्षणी ओळखलं, आमच्याकडे त्याला कांडेचोर म्हणतात, तुम्ही उदमांजर म्हणता. गिरगावात कांडेचोर! माझी आई असती तर हसली असती.

काकांच्या मुलानं फोन करून करून वनखात्याला कळवलं, आणि दुपारच्या आत त्यांच्यातर्फे एक मुलगी आली, पाठीवर पिशवी, पायात बूट, असेल पंचवीस वर्षांची. पहिलं तिनं काय केलं, तर पिंजऱ्यावर चादर टाकली, म्हणाली अंधार झाला की ते शांत होतं. मग मला समजावलं, रागावली नाय, पण स्पष्ट सांगितलं की मावशी, हा जंगली प्राणी आहे, याला धरायला आम्हाला विचारावं लागतं, पुन्हा असा पिंजरा लावू नका. मी म्हटलं बाय, मी घुशीला लावला होता. मग ती खाली वाकून, चादर जरा उचलून बघत राहिली. काका म्हणाले बोरिवलीच्या जंगलात सोडा, लांब. ती म्हणाली नाही सोडता येणार, मादी आहे, दूध येतंय तिला, पिल्लं इथंच कुठंतरी जवळ आहेत.

काय सांगू तुम्हाला! पोरं रडतात, असं कोण म्हणत होतं महिनाभर? मी तशीच जिना चढले. काकू अर्ध्या झोपेत होत्या. मी पलंगाशी बसून म्हटलं, काकू, कांडेचोर सापडलं, पिल्लं आहेत म्हणे त्याला, कुठे आहेत पिल्लं? त्यांनी डोळे उघडले. काका माझ्या मागे उभे होते, ती मुलगी दारात. काकूंनी उजवा हात उचलून वर दाखवला, नेमक्या एका कोपऱ्याकडे, आणि एकेक शब्द लावून म्हणाल्या,

"तिथे. तीन आहेत. मी सांगत होते."

ती मुलगी माळ्यावर सरपटत गेली, विजेरी घेऊन. जुन्या गादीला भोक पडलं होतं, त्या कापसात तीन पिल्लं, मुठीएवढी. तिनं हात लावला नाय, नुसता फोटो काढून आणला नि सगळ्यांच्या आधी काकूंना दाखवला. काकू फोटो बघून हसल्या, अर्ध्या तोंडानं, पण हसल्या. काका खुर्चीवर बसले नि चष्मा काढून पुसत राहिले, किती वेळ पुसत होते. ते विष ठेवलं असतं तर? आई खाली मेली असती, आणि ती तीन पोरं काकूंच्या डोक्यावर रडून रडून मेली असती, आणि आम्ही म्हटलं असतं भास होतात.

तिन्हीसांजेला पिंजरा झाडाखाली ठेवून दार उघडलं. जरा वेळ बाहेरच येईना, मग आली, आणि एका दमात झाडावर, फांदीवरून कौलांवर, गेली.

त्या मुलीनं सांगितलं पिल्लं मोठी होऊन जाईपर्यंत थांबा, तीन-चार महिने. काकांनी थांबायचं कबूल केलं, मला वाटलं नव्हतं करतील. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी गोळी बंद केली, तेही म्हणाले माझं चुकलं, असं म्हणणारा डॉक्टर मी पहिल्यांदा बघितला. पिल्लं गेल्यावर मग कौलाची फट जाळीनं बुजवली, टेकणारी फांदी रीतसर परवानगी काढून छाटली, बुंध्याला पत्रा गुंडाळला, त्याच्यावर नखं धरत नाहीत. आणि चिकू मी आता पिकायची वाटच बघत नाय, तयार झाला की काढते नि तांदळात घालून पिकवते. राहिले त्यांना जुन्या लुगड्याच्या पिशव्या शिवून बांधल्यात, त्या बघा, लटकतायत. शेंड्यावरच्यांना माझा हात पोचत नाय, ते वटवाघळं खातात, खाऊ देत.

माझ्यावर उपकार पुष्कळांचे. त्या पोरीचे, पिंजरेवाल्याचे, काकांचे पण, दोन दिवस थांबले म्हणून. माझी मुलगी बोलावते विरारला, आई, एकटी काय राहतेस. मी म्हणते एकटी कुठे. काकू आता जरा बऱ्या आहेत, उठून बसवलं की बसतात. आणि काकांचं एक बदललं. आता काकू काही म्हणाल्या, नळ गळतोय, कोण आलं, पाऊस येणार, काही असो, तर काका आधी उठून बघून येतात, मग बोलतात. परवा मी वर होते, काकू म्हणाल्या खाली कोणीतरी हाक मारतंय. मला काही ऐकू आलं नाय. काका पाय घासत गॅलरीत गेले, वाकून बघितलं, खाली कोणी नव्हतं. परत येऊन पलंगाशी बसले नि म्हणाले, गेले वाटतं, परत येतील. देवानं त्या दोघांना असंच ठेवावं, एकमेकांना धरून.