पायाळूची लाथ

हळू मारायची, बरं का, हळू. बसा नं जी, छत्री ठेवा त्या कोपऱ्यात — पासिंजर आज लेट झाली वाटते? — नाई, तुमी काईच बोलू नका, मले सारं माहीत हाये. नत्थुजीनं सांगतलं होतं, शुक्रवारी पायाळू पाठवतो म्हणून, अन् आज शुक्रवार. हे चांदूर काई अकोला नाई, इथं अनोळखी माणूस दारात आला म्हणजे बोलावला म्हणूनच आला. तुमी आईच्या पोटातून पायांकडून आले, हे तुमचं नशीब. माही पाठ एकवीस वर्षं टेबलावर वाकली, हे माहं. पायाळूनं लाथ मारली का धरलेली पाठ सुटते, असं आमच्या सुभद्राचं म्हणणं. बायको जी, माही बायको. मागं चुलीवर मिठाची पुरचुंडी तापवून राहिली, म्हणून हळू बोलतो.

दुखणं खोटं नाई, हे आधी ध्यानात घ्या. शेषराव कामचोर हाये, असं अकोल्याच्या कचेरीत म्हणतात — म्हणू द्या. ताप असता तं हात लावून पाहिला असता त्याईनं, सूज असती तं मी दाखवली असती, पाठ दुखते ते दिसते कोणाले? सकाळी जोडा घालाले वाकलो का कमरेपासून टाचेपर्यंत अशी चमक जाते का मी तसाच जोडा हातात धरून राहतो. सुभद्रा म्हणते, कोणाले मारता? तीन महिने झाले रजेवर येऊन, दाराच्या फळीवर झोपतो. निर्गुडीचा शेक झाला, एरंडेल झालं, डॉक्टरचा लाल मलम झाला — त्यानं पाठ सोलली, दुखणं आत तसंच.

अन् झालं कावून? टेबलानं. मी नकला करतो जी, दुसऱ्याचे कागद जसेच्या तसे उतरवाचे, दिवसभर, अन् टेबल एवढं बुटकं का नाक दौतीत जाते. म्हटलं, चारी पायांखाली दोन-दोन विटा लावू द्या. तं बडे बाबू म्हणाले, सरकारी टेबलाची उंची वाढवाले वरून मंजुरी लागते, अर्ज कर. केला. त्या अर्जाच्या तीन नकला पाहिजे म्हणाले — त्या बी मीच केल्या, त्याच टेबलावर वाकून. चार वर्षं झाली.

हसता काय? आता खरी गोष्ट ऐका, तुमी काई अकोल्याले सांगाले जात नाई. ते पाहा टेबल, खिडकीपाशी. खाली विटा दिसल्या? घरी आल्याबरोबर लावल्या. दुपारी चार-चार तास तिथं बसून गावातल्या लोकाईच्या चिठ्ठ्या लिहून देतो, अर्ज लिहून देतो — एक चमक नाई. काल चौदा लिहिले. कोणी वांगे देते, कोणी मोर्शीचे संत्रे. संध्याकाळी रुळाच्या कडेनं दोन मैल चालतो. मंग मी बरा हावो का? सकाळची ती चमक सोडली तं इथं बरा हावो जी, तिथं नाई. आता हे कागदावर कसं लिहावं? म्हणून लिहिलं, उठता-बसता येत नाही, अन् आणखी दोन महिने रजा मागितली. भेटली तं वाचलो, नाई तं पुन्हा नाक दौतीत.

सुभद्राले वाटते, लाथ बसली का मी सोमवारी अकोल्याच्या गाडीत. तिचंही बरोबरच हाये, तीन महिने मी वरणात मीठ किती ते सांगून राहिलो. म्हणून तुमी लाथ मारा, तिच्यादेखत मारा, आवाज होऊ द्या — पण लागू नका देऊ. लागली तं पाठ सुटते, अन् पाठ सुटली तं रजा गेली. समजलं नं? ती वांग्याची टोपली तुमच्यासाठीच ठेवली हाये.

आली ती. सुभद्रा, हे पायाळू. हौ, हेच. मी भिंतीले हात टेकतो असा — मारा जी. लाजता काय, जोडा काढा अन् —

आई गं. हे हळू? वांगे भेटत नाई तुमाले. थांबा, थांबा जरा. सुभद्रा, पाहाय — सरळ उभा हावो मी. आता वाकतो. हे पाहा, माहा जोडा हातात आला. चमक नाई. पुन्हा वाकतो — नाई. अरे बापा, गेली रजा. अन् दारात कोण हाये आता? पार्बताबाई? आज वांगे नको बाई, गंज हायेत, टोपलीभर. काय म्हणते? नत्थुजीनं पाठवलं? पायाळू तू? रोज दारावरून भाजी घेऊन जाते, कधी बोलली नाई —

मंग हे कोण?

अकोल्याहून. हो का. रजेची चौकशी कराले. हौ, हा अर्ज माहाच, सही बी माहीच. बसा नं साहेब. मी उभाच बरा — म्हणजे बरा नाई, नुसता उभा हावो. जोडा? तो असाच घेतला हातात. हौ. सोमवारी. दहाले हजर. हौ साहेब. एक विचारू? त्या आठ विटा — टेबलाखालच्या — सोबत आणल्या तं चालतीन का?

साहेब?

गेले. छत्री नेली, अन् वांग्याची टोपली बी नेली. सुभद्रा, मंग हे हो समजाचं का नाई समजाचं?

तू जाय पार्बताबाई. लाथ भेटली मले. सरकारी.