सामोला सांगावा नाही

वाहिगुया शहरात, गावं सोडून पळून आलेल्यांच्या धान्याच्या रांगेत कारकुनानं पुकारलं, "बेलेम!" माझ्या पुढचा मोसी जमातीचा म्हातारा काठी टेकत उठला. तेवढ्यात मागून सामो जमातीचा एक म्हातारा ओरडला. या दोन जमातींत एकमेकांना गुलाम म्हणत टवाळी करायची जुनी रीत.

"बेलेम? हे तर मोसी नाव. म्हणजे माझा गुलाम! मालकाच्या आधी धान्य घेतोस?"

"सामो दिसतोस. आज कुणाचं कुत्रं खाल्लंस?"

"तुझंच. नुसती हाडं निघाली."

"माझा भाऊ असता तर तुझी जीभच छाटली असती."

"कुठाय तो गुलाम?"

"गेला. बंदूकवाल्यांनी शेतात गाठला."

"आणि मला सांगावा नाही? आम्हा सामोंनी टवाळी केल्याशिवाय तुमचं मढं कधी पुरलं गेलंय? खड्ड्यात आडवा झालो असतो मी. बकरा घेतल्याशिवाय उठलो नसतो!"

"ठाऊक आहे. बापाच्या वेळी तुमच्यातला एक असाच झोपला होता. रडता रडता हसलो होतो आम्ही."

"मग का नाही बोलावलंस?"

"खड्डाच नव्हता रे. जीव घेऊन पळालो सगळे. तो तिथंच राहिला, उघड्यावर."

कारकुनानं पुन्हा पुकारलं.

"जा दादा, तुम्ही घ्या आधी," सामो म्हणाला.

"दादा नको म्हणूस रे. गुलाम म्हण."