एकवीस बाटल्या

लेक : मशीन थांबवा ना, बाबा.

बाबा : एवढी बाही होऊ दे. गिऱ्हाईक येईल.

लेक : हॉस्पिटलचं पत्र कुठे ठेवलंय?

बाबा : कसलं पत्र?

लेक : लहानपणी ब्लड कॅन्सर झालेल्या सगळ्यांना तपासणीसाठी बोलावलेलं. चार महिन्यांपूर्वी आलं. मी गेले नाही म्हणून नर्सबाईंचा फोन आला. पोचपावतीवर सही तुमची होती म्हणाल्या.

बाबा : विसरलो असेन.

लेक : तुम्ही? गिऱ्हाइकाचं माप दहा वर्षं विसरत नाही तुम्ही.

(मशीन थांबतं.)

बाबा : तू सहा वर्षांची होतीस. असाच एक कागद आला आणि तीन वर्षं तुझी आई धड जेवली नाही. आता पुन्हा तोच शिक्का दिसला. माझा धीरच झाला नाही. म्हटलं, पोर ठणठणीत आहे, कशाला उगाच.

लेक : ठणठणीत नाहीये मी. गेल्या आठवड्यात तपासून आले.

बाबा : परत आलं ते?

लेक : नाही, कॅन्सर नाही. उठू नका, बसा. तेव्हा रक्त चढवलं ना, त्यातून आलंय. हिपॅटायटिस सी. यकृताला धरतं आणि वर्षानुवर्षं गप्प बसतं. रक्तात ते ओळखायची सोयच नव्हती तेव्हा.

बाबा : एकवीस बाटल्या.

लेक : मोजल्या होत्या तुम्ही?

बाबा : न मोजून कसं चालेल? एकेका बाटलीसाठी दारोदार फिरलोय. कापडवाला, इस्त्रीवाला, समोरचे घड्याळजी. हातापाया पडून नेलं एकेकाला. कुणाची होती गं ती?

लेक : कळायचं नाही. त्या माणसालाही ठाऊक नसेल.

बाबा : म्हणजे मीच आणलं ते घरात.

लेक : त्यातली एक जरी कमी पडली असती, तर आज भांडायला मी नसते. रक्ताचा राग नाही आला मला, बाबा. चार महिन्यांचा आला.

बाबा : फार उशीर झाला का?

लेक : यकृत थोडं कडक झालंय. सोमवारपासून गोळ्या, बारा आठवडे. बहुतेकांचं पूर्ण जातं म्हणाले.

बाबा : बहुतेकांचं.

लेक : हो. तेवढंच म्हणाले. आता कुठे निघालात? दुकान उघडं आहे.

बाबा : घड्याळजींकडे. त्यांच्याही अंगात असेल तर? तपासून घ्या म्हणून सांगतो. काय तोंडानं सांगू, तेच कळत नाही.

लेक : थांबा, मीही येते. मला धडधाकट बघितलं की कमी घाबरतील.