दहा ते बारा

परवानगीच्या खिडकीसमोर वास्तुकार चाळीस मजल्यांचा नकाशा बगलेत धरून उभा होता. त्याच्यामागे दोन जावा हरकतीचा अर्ज लिहीत होत्या.

“ताई, ही चाळीस मजल्यांची इमारत नको, त्याचं कारण काय लिहू?”

“लिही, अंगणातलं ऊन जाईल.”

“आपण कुठे उन्हात बसतो?”

“सासूबाई बसतात. रोज दहा ते बारा.”

“सावली आली तर घरात बसतील.”

“घरात म्हणजे कुठे?”

“स्वयंपाकघरात... अगं बाई.”

“पडला उजेड? ते दोन तास भाजीत मीठ किती घालायचं, हे सांगायला कोणी नसतं.”

“नकाशा काढणाऱ्याला सासू नसेल.”

“असेल गं. पण त्याला कुठे तिच्यासमोर फोडणी द्यायची असते?”

“पुढे या,” खिडकीतला कारकून म्हणाला.

वास्तुकार पुढे गेला नाही. त्याने बाकावर नकाशा पसरला आणि थोरलीला विचारलं, “यात तुमचं घर कुठे येतं, दाखवता?”

“यात तुमच्या इमारतीशिवाय काहीच नाही.”

“नाही खरं.” त्याने तिच्या हातात पेन्सिल दिली.

थोरलीने कोऱ्या जागेत अंगण काढलं, अंगणात खुर्ची काढली.

धाकटी वाकून बघत होती.

“स्वयंपाकघर जरा लांब काढा, ताई.”