टबातला बाप्तिस्मा

टेनेसीतल्या एका हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये माझ्या पुढं दोघी मायलेकी ट्रे घेऊन रांगेत उभ्या होत्या.

"आई, चल ना वर. पास्टर टबात पाणी भरून थांबलेत. डॉक्टर म्हणतात एक-दोनच दिवस उरलेत, डॅडींना आजच बाप्तिस्मा हवाय."

"मग द्या की. मी कशाला?"

"त्यांना पाण्यात पूर्ण बुडवून वर काढायचंय. एका बाजूनं पास्टर धरतील, दुसऱ्या बाजूनं तू धर."

"डार्ला, त्या माणसाला पाण्याखाली धरायला मला बोलावू नकोस. एकदा धरला की सोडायची नाही मी."

"आई! लोक ऐकताहेत."

"ऐकू देत. त्यानं माझा जबडा मोडला तेव्हाही शेजारपाजारचे ऐकतच होते."

"त्याची क्षमा मागितली ना त्यांनी प्रभूकडे! केवढे रडले काल."

"प्रभूकडे मागितली. मी तिथंच शेजारच्या खुर्चीत बसले होते."

"संडेस्कूलमध्ये तूच शिकवलंस आम्हाला. तारण विश्वासानं होतं, कर्मांनी नाही."

"शिकवलं. आणि ते खरंय, म्हणून तर डोकं फिरलंय माझं! खोटं असतं तर हसले असते."

"मग आनंद मान ना. आपण सगळे स्वर्गात एकत्र असू. कायमचे."

बटाटे वाढणारी बाई डाव हातात धरून थांबली होती.

"वाढ गं तू, थांबू नकोस. आणि डार्ला, वर जाऊन सांग तुझ्या पास्टरना. लग्नात सगळ्या चर्चपुढं मी 'मरेपर्यंत' म्हटलं होतं. तेवढं निभावते. त्याच्या पुढचं मी कबूल केलेलं नाही."