खुनाच्या पिक्चरमधलं दोन नंबरचं रीळ

हसू नका राव, पण ऑस्ट्रेलियन पिक्चर म्हटलं की मला आजही घाम फुटतो. कंपनीच्या फिल्म क्लबचा प्रोजेक्टर मी चालवायचो. एकदा तिकडचे दोन पिक्चर आले, कुणी नावही न ऐकलेले. एक खुनाचा, दुसरा समुद्रकिनाऱ्यावरचा विनोदी. खुनाच्या पिक्चरला मोठे साहेब सहकुटुंब पुढच्या रांगेत. त्यांनी आधीच बजावलेलं, "पुन्हा गोंधळ झाला तर क्लब बंद."

पहिलं रीळ झकास गेलं. खुनी सुरा घेऊन दाराआड उभा राहिला आणि रीळ संपलं. मी दुसरं चढवलं, तर पडद्यावर ऊन, वाळू आणि चड्डीवर नाचणारा एक जाड्या!

डबे आमच्या स्टोअरकीपर गायकवाडभाऊंनी लावले होते.

"भाऊ, हे काय?"

"स्पेअर पार्ट लावतो तसंच लावलंय. दोन्ही पिक्चरचे एक नंबर एका रॅकला, दोन नंबर दुसऱ्या रॅकला."

आणि अंधारात मी नुसता आकडा बघून डबा उचललेला!

बंद करावं तर क्लब गेला. मी रीळ तसंच चालू ठेवलं. पण हॉलमध्ये कुणी हसेना. जाड्या पाण्यात शिरला की बायका तोंडाला पदर लावायच्या, "आता मेला बिचारा!"

तिसरं रीळ बरोबर लावलं, खुनी पकडला गेला. साहेब उठून थेट माझ्याकडे आले.

"पिक्चर उत्तम. पण त्या जाड्याला कुणी मारलं?"

"ते... पुढच्या रविवारी कळेल, साहेब."

पुढच्या रविवारी अख्खा हॉल जीव मुठीत धरून विनोदी पिक्चर बघत होता.